दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाबाहेरचं नोटरीचं टेबल : नातीच्या संमतिपत्राचा अनुभव

बडोद्यातून कोणाला नातवंडाला किंवा भाच्याला घेऊन परदेशी जायचं असेल आणि त्याचे आईवडील सोबत येणार नसतील, तर आईवडिलांच्या संमतिपत्रासाठी आधी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाबाहेर जा. तिथे निळ्या ताडपत्रीखाली एक टायपिंगवाल्या बेन बसतात आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर नोटरीसाहेब. दोघांची परवानगी घेतलेली नाही म्हणून नावं लिहीत नाही. दुकानाला पाटी नाही. पण मला जे काम पाहिजे होतं ते इतकं नीट, इतकं विचार करून दुसऱ्या कोणी केलं नसतं, याची मला खात्री आहे.

हे 2024च्या उन्हाळ्यातलं. माझी धाकटी लेक इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. थोरलीची मुलगी ज्ञानदा नऊ वर्षांची, चौथीची परीक्षा झाली की मावशीकडे जायचं असं तिचं वर्षभर चाललं होतं. थोरलीच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं मे महिन्यात ठरलं, त्यामुळे ती अडकली. जावई नोकरीनिमित्त मस्कतला. म्हणजे निघणार आम्ही दोघीच, आजी आणि नात. आजीसुद्धा आईकडची, म्हणजे माझं आडनाव एक आणि नातीचं दुसरं. हा आडनावाचा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

आधी मी कोर्टाकडे गेलेच नव्हते. व्हिसाचं काम करून देणाऱ्या एका एजंटाकडे गेले. ऑफिस चकचकीत, एसी, पाणी आणून देणारा मुलगा. ‘लहान मुलांच्या कागदपत्रांचे’ वेगळे 3500 रुपये घेतले. चार दिवसांनी त्यांनी एक फाइल दिली. घरी येऊन चष्मा लावून वाचायला बसले, तर त्यात संमतिपत्र म्हणून जो कागद लावला होता तो होता ॲनेक्झर डी. मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडील दोघं ज्यावर सह्या करतात, तोच. या मुलीला पासपोर्ट द्यायला आमची हरकत नाही, एवढंच त्यात असतं. तिने कोणाबरोबर, कुठे, किती दिवस जायचं याबद्दल त्यात एक अक्षर नाही. पासपोर्ट तर तीन वर्षांपूर्वीच हातात आलेला. मग या कागदाचा आता काय उपयोग?

मी परत गेले. तेव्हा त्यांनी माझ्यासमोर दुसरं पत्र टाइप करून दिलं, तर त्यात नातीचं नावच चुकलं. आपल्याकडे ज्ञ म्हणजे द्न्य, इंग्रजीत आपण डी-एन-वाय-ए असं लिहितो आणि पासपोर्टवर तेच आहे. गुजरातीत ज्ञचा उच्चार ग्न. टाइप करणाऱ्या मुलाने कानावर पडलं तसं जी-एन-ए करून टाकलं आणि त्याच स्पेलिंगचा ई-स्टॅम्पही काढून ठेवला. बडोद्यात ज्यांच्या घरी ज्ञानेश्वर, ज्ञानदा, प्रज्ञा आहेत त्यांना हे नवीन नाही, गॅसच्या पुस्तकापासून सगळीकडे हाच घोळ. पण गॅसच्या पुस्तकाला चालतं ते परदेशी चालत नाही.

तिसरी गोष्ट मात्र मला सहनच झाली नाही. जावई मस्कतला आहेत, त्यांची सही कशी घ्यायची, असं विचारलं तर ते गृहस्थ म्हणाले, सही तुमच्या मुलीलाच करू दे ना, नोटरीचा शिक्का आम्ही आणून देतो, कोण बघायला बसलंय. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. प्रगतिपुस्तकावर मुलांनी स्वतः केलेली वडिलांची सही मला लांबूनच ओळखू येते, आणि ज्या दिवशी ती ओळखू येते त्या दिवशी त्या मुलाची बाकी सगळी खरी पानंही संशयाची होतात. विमानतळावर असं झालं तर माझ्या शेजारी नऊ वर्षांची मुलगी उभी असणार. मी फाइल उचलली आणि बाहेर पडले. 3500 गेले. वर 6000 देऊन अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र खात्याचा शिक्का, करून घ्या असाही त्यांचा आग्रह चालला होता. ते पैसे वाचले.

शेजारच्या काकूंनी दिवाळीपुऱ्याचं टेबल सांगितलं. पूर्वी कोर्ट न्यायमंदिरात होतं तेव्हा दांडिया बाजारातून आम्ही पायी जायचो. 2018 मध्ये कोर्ट नव्या इमारतीत गेल्यापासून रिक्षा करावी लागते. सकाळी अकराला पोचले. बेन पन्नाशीच्या असतील, कॉटनची साडी, केसांत पेन खोचलेलं. मी बोलायला सुरुवात केली आणि त्यांनी हात पुढे केला. ‘पासपोर्ट आपो, मोढे ना बोलशो.’ तोंडी काही सांगू नका, पासपोर्ट द्या. मग पासपोर्टच्या पानावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचत त्यांनी नाव टाइप केलं. डी, एन, वाय, ए, एन, ए, डी, ए. झाल्यावर पडदा माझ्याकडे वळवला आणि मला उलट वाचायला लावलं. नंबरही तसाच. जन्मतारीखही तशीच. ई-स्टॅम्पवर छापलेलं नाव नंतर बदलता येत नाही, नवीनच काढावा लागतो, म्हणून आधी हे, मग स्टॅम्प, असा त्यांचा क्रम.

त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मला कळलं की मी योग्य जागी आले आहे. छोकरीना पप्पा क्यां छे? आई कुठे आहे? लेस्टरला कोणाच्या घरी राहणार, त्या घराचा पत्ता, ते घर कोणाच्या नावावर, मावशीचा फोन? आणि मग, माझ्या डोक्यात जो प्रश्न आलाच नव्हता तो. ‘पाछी कोण लावशे?’ परत कोण आणणार? खरं तर माझं थोडं घाटत होतं की मी महिनाभर जास्त राहीन आणि ज्ञानदा तिच्या मावसकाकांबरोबर शाळा सुरू व्हायच्या आत परत येईल. तसं असेल तर पत्रात तेही नाव यायला पाहिजे, असं बेन म्हणाल्या. आम्ही तिथेच धाकटीला फोन लावला आणि ठरवलं की दोघींनी बरोबरच यायचं. एका प्रश्नाने एवढं मोठं काम झालं.

नोटरीसाहेब सत्तरीचे, फार कमी बोलतात. त्यांनी माझी फाइल चाळली आणि पहिलंच वाक्य असं सांगितलं, की ब्रिटनच्या व्हिसाला आईवडिलांच्या सहीचं साधं पत्रही चालतं, नोटरी पाहिजेच असा नियम नाही, आणि अपोस्टिल तर मुळीच नको. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला असं कोण सांगतं? मग म्हणाले, पण तुमचं आडनाव वेगळं, आई सोबत नाही, बाप तिसऱ्याच देशात, तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर करून घेतलं असतं. निर्णय तुमचा.

जावयांच्या सहीबद्दल त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. ‘ए पोते आवे तो ज सिक्को लागे.’ ते स्वतः आले तरच शिक्का. त्यांच्यापुढे जाड रजिस्टर असतं. सही करणारा माणूस समोर बसून त्यातही सही करतो, ओळखपत्राचा नंबर लिहिला जातो. 1952च्या नोटरी कायद्याखाली हे रजिस्टर ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. उद्या कोणी विचारलं तर हेच पान उघडून दाखवावं लागतं, मी कोणाला दाखवू, असं ते म्हणाले. मला आवाज न चढवता बोलणारा हा माणूस फार आवडला.

मग मार्ग काय? तोही त्यांनीच सांगितला. एकाच मजकुराची दोन पत्रं करायची. एक लेकीचं, ते इथे नोटरी करायचं. दुसरं जावयांचं, ते मस्कतला आपल्या वकिलातीमार्फत साक्षांकित करून घ्यायचं. बेनने दुसऱ्या पत्राची फाइल तिथल्या तिथे जावयांना पाठवली आणि सहीच्या जागेखाली कंसात लिहून ठेवलं, सही घरी करू नये, अधिकाऱ्यासमोरच करावी. एवढं लिहूनही जावयांनी घाईत घरीच सही केली. तिथल्या खिडकीवर कागद परत आला, पुन्हा प्रिंट काढावी लागली. ओमानमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे काम रविवारवर गेलं. त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ सुटीवर आणंदला येणार होते, त्यांच्या हाती मूळ कागद आला आणि मी स्वतः आणंदला जाऊन तो घेऊन आले. पोस्टावर सोडायची माझी हिंमत झाली नाही.

लेकीला घेऊन मी दुसऱ्या दिवशी टेबलावर गेले. पत्र एक पानाचं. सगळं लिहीत नाही, पण काही गोष्टी सांगते ज्या मला सुचल्या नसत्या. आईवडिलांचे फोन देशाच्या कोडसकट, भारताचा 91 आणि ओमानचा 968, कारण तिकडच्या अधिकाऱ्याने लावायचे तर तसेच लागतील. आमच्या जायच्या आणि यायच्या तारखा, फक्त ‘सुटीत’ असं नाही. आजारपणात डॉक्टरांच्या उपचाराला संमती द्यायचा अधिकार आजीला आणि मावशीला, हे एक वाक्य. लेकीने ते वाक्य वाचलं तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला. तोवर ती सगळं कागदी काम म्हणून बघत होती. आपली मुलगी परक्या देशात आजारी पडू शकते आणि आपण तिथे नसू, हे त्या ओळीतून तिला पहिल्यांदा दिसलं. बेनने ते ओळखलं. घाई केली नाही, पाण्याची बाटली पुढे सरकवली.

आणि नावांची साखळी. नातीच्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नानंतरचं नाव. माझ्या पासपोर्टवर माझं आडनाव. या दोन्हींना जोडणारा कागद कोणता? लेकीच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला, ज्यात तिचं माहेरचं नावही आहे, आणि तिचा स्वतःचा जन्मदाखला, ज्यात आई म्हणून मी आहे. ते दोन्ही जोडा, असं बेनने सांगितलं. मराठी घरात मुलीचं लग्नानंतर मधलं नाव, आडनाव आणि कधीकधी पहिलं नावही बदलतं, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? आजी आजीच आहे, हे कागदावर सिद्ध करायला चार दाखले लागले.

साहेबांना मी विचारलं, आजीवर सुद्धा इतका संशय का? ते म्हणाले, संशय तुमच्यावर नाही. आईवडिलांच्या भांडणात मुलाला दुसऱ्या देशात नेऊन ठेवलं तर परत आणायला 1980चा हेगचा करार आहे आणि भारत त्यात नाही. मूल एकदा विमानात बसलं की मागे राहिलेल्याच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून जे काय बघायचं ते लोक दारातच बघतात. हे ऐकल्यावर मला या सगळ्या धावपळीचा राग येईनासा झाला. हा कागद मी प्रामाणिक आहे हे सांगण्यासाठी नाही, ज्ञानदाच्या आईवडिलांचा आवाज तिच्याबरोबर प्रवास करावा यासाठी आहे.

थांबलेले असताना इतर गिऱ्हाइकांचंही कानावर पडत होतं. ऑस्ट्रेलियाला भाच्याला पाठवणाऱ्या एका बाईंना साहेबांनी सांगितलं की तिथे आपलं पत्र पुरत नाही, त्यांचाच 1229 नंबरचा फॉर्म भरून न येणाऱ्या पालकाची सही लागते. युरोपच्या शेंगेन व्हिसाला मुलाच्या अर्जावर पालकांच्या सह्या लागतात. अमेरिका सक्ती करत नाही, पण नोटरी केलेलं पत्र जवळ ठेवा असं त्यांचं खातंच सांगतं. तेव्हा एकाचं पत्र बघून दुसऱ्याने तेच उतरवू नये. ज्या देशात जायचं त्याच्या व्हिसाच्या पानावर लहान मुलांचा भाग असतो, तो आधी वाचावा.

आता तक्रारी. बसायला नीट जागा नाही. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक डुगडुगते. एप्रिलच्या उन्हात ताडपत्रीखाली भट्टी होते, म्हाताऱ्या माणसांनी सकाळीच जावं. दोन ते तीन सगळं बंद. टायपिंगची पावती देत नाहीत. साहेबांचा गोल शिक्का पहिल्या प्रतीवर फिसकटला आणि शाई नेमकी पासपोर्ट नंबरच्या अंकांवर सांडल्यासारखी झाली. मी दाखवलं तर ‘चालसे’ म्हणाले. मी म्हटलं, नाही चालणार साहेब, तीन आहे की आठ तेच दिसत नाही. त्यांनी वाद घातला नाही. बेनने नवी प्रत काढली, लेकीने परत सही केली. म्हणून तुम्हीही तिथून उठायच्या आधी प्रत्येक पान उजेडात धरून बघा. मला सगळं मिळून, ई-स्टॅम्प, टायपिंग, नोटरी आणि तीन जादा प्रती धरून, 850 रुपये लागले. एजंटाच्या चौथा हिस्सा.

अहमदाबादला व्हिसाच्या केंद्रात कागद स्कॅन झाले, नातीच्या बोटांचे ठसे घेतले, फार काही विचारलं नाही. व्हिसा आला तेव्हा नातीच्या व्हिसावर माझ्या पासपोर्टचा नंबर छापलेला होता, म्हणजे तिने माझ्याच बरोबर आत शिरायचं. परत कोण आणणार हे आधी पक्कं केलं होतं ते किती बरं झालं, असं मला तेव्हा वाटलं.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास द्यायच्या आधी पत्र मागितलं आणि एक प्रत ठेवून घेतली. जादा प्रतींचा उपयोग तिथेच झाला.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. बडोद्यात साडेदहा, मस्कतला नऊ. लेक आणि जावई दोघंही फोन हातात घेऊन बसलेले. बेनने निघताना एक गोष्ट सांगितली होती, ती मी विमानात केली होती. पत्र नातीला पूर्ण वाचून दाखवायचं, मराठीत समजावून. मावशीचं खरं नाव काय, गाव कोणतं, किती दिवस. आमची ज्ञानदा मावशीला माऊ म्हणते आणि तिला तेवढंच नाव ठाऊक होतं. खिडकीतल्या अधिकारी बाईंनी दोन्ही पासपोर्ट बघितले, मान वर केली आणि मला नाही, नातीला विचारलं, या कोण? माझ्या आईची आई. तुला घ्यायला कोण येणार? नातीने मावशीचं नाव, आडनाव, लेस्टर, सगळं नीट सांगितलं. मग बाईंनी पत्र मागितलं. त्यांचं बोट मजकुरावरून फिरत होतं, ते माझ्या आडनावाशी थांबलं, मग नातीच्या. मी लग्नाचा दाखला पुढे केला. त्यांनी माहेरचं नाव शोधलं, माझ्या पासपोर्टवर जुळवलं. जावयांच्या पत्रावरचा वकिलातीचा शिक्का बघितला. बोलल्या काहीच नाहीत. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग दोन शिक्के पडले, आधी नातीच्या पासपोर्टवर, मग माझ्या. फोन कोणालाही लावावा लागला नाही.

त्या काचेसमोर उभं असताना माझ्या मनात एजंटाची ती वाकडी सूचना येत होती. सही तुमच्या मुलीलाच करू दे. तसा कागद त्या बोटाखाली असता तर मी नातीचा हात धरून तिथे उभी राहू शकले नसते.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो फिसकटलेल्या शिक्क्यासाठी आणि डुगडुगत्या खुर्चीसाठी. पैसे रोख न्या. सगळे दाखले मूळ न्या, झेरॉक्स तिथे होते. निघायच्या आधी किमान दीड महिना हाती ठेवा, आणि आईवडिलांपैकी एक जण परदेशी असेल तर त्याहून जास्त.

जूनमध्ये परत आल्यावर पेढे घेऊन आम्ही दोघी टेबलाकडे गेलो. बेन कोणाचं तरी नाव अक्षर अक्षर वाचत होत्या. मला बघितलं, पण बोलल्या नाहीत. माझ्या मागे वाकून बघितलं. ज्ञानदा पुढे आली तेव्हा म्हणाल्या, ‘लाव्या ने पाछी,’ आणि परत पडद्याकडे वळल्या.